मे ते सप्टेंबर, ऑस्ट्रेलियाचा आउटबॅक (आतला ओसाड भाग) आणि किनारा: फ्रीज, बॅटरी, टायर, स्वॅग यांचा वापरानंतरचा अनुभव

आधी सामान काय होतं ते. 50 लिटरचा 12 व्होल्टचा कंप्रेसर फ्रीज, 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, गाडी चालू असताना ही बॅटरी भरणारा 25 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, 200 वॉटचं घडीचं सोलर पॅनल, दोघांचा कॅनव्हास स्वॅग (गादीसकट गुंडाळायचा छोटा तंबू) आणि टायरमध्ये हवा भरायचा कंप्रेसर. मार्ग पर्थहून शार्क बे, निंगालू, ब्रूम, गिब रिव्हर रोड (खडबडीत कच्चा रस्ता), कुनुनुरा, ॲलिस स्प्रिंग्ज, पोर्ट ऑगस्टा आणि नलारबोरचं मैदान ओलांडून परत पर्थ.

एकूण मत असं की महागडी वस्तू सहसा बिघडत नाही, बिघडतो तो सांधा. प्लग, बोल्ट, खुंटी, चेन (झिप). 50 ऐवजी 75 लिटरचा फ्रीज घेण्यापेक्षा तेच पैसे तारेत घाला.

फ्रीज चालू असताना साधारण 4 अँपिअर घेतो. थंड हवेत एक तृतीयांश वेळ चालला तरी दिवसाला 32 अँपिअर-अवर, उकाड्यात निम्मा वेळ चालला की 48. म्हणजे उकाड्यात 100 ची लिथियम जेमतेम दोन दिवस पुरते. एजीएम, म्हणजे शिसे-आम्लाची बंद बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, त्यामुळे तिच्यावर एकच दिवस धरा. 200 वॉटचं पॅनल स्वच्छ उन्हात 45-50 अँपिअर-अवर देतं, पण ते दिवसातून दोन-तीनदा सूर्याकडे फिरवलं तरच. गाडी सावलीत आणि पॅनल उन्हात राहील एवढी लांब तार हवी.

आता तारेबद्दल, कारण निम्म्या तक्रारी इथेच जन्माला येतात. ऑस्ट्रेलियात मोटारीच्या सामानाच्या दुकानात '6 मिमी' म्हणून मिळणाऱ्या तारेत तांबं साधारण 4.6 चौरस मिमीच असतं, कारण तो आकडा आवरणासकट जाडीचा आहे. इंजिनापासून मागच्या डिक्कीपर्यंत 5 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 10 मीटर धरले तर 25 अँपिअरला या तारेत जवळजवळ 1 व्होल्ट गळतो. 6 बी अँड एस (तारेच्या जाडीचं एक माप), म्हणजे 13.5 चौरस मिमीची तार टाकली की हीच गळती 0.3 व्होल्टवर येते. बॅटरी भरलेली असूनही फ्रीज 'लो व्होल्टेज' दाखवून बंद पडतो, तेव्हा फ्रीजला दोष देण्याआधी फ्रीजच्या टोकाशी मीटर लावून बघा. सिगारेट सॉकेटचा प्लग तर गिब रिव्हर रोडवर अर्ध्या तासात सैल होतो. तो कापून अँडरसन प्लग (घट्ट बसणारा जाड विजेचा जोड) लावा. फ्रीज गाडीच्या मुख्य बॅटरीवर चालत असेल तर कट-ऑफ (किती व्होल्टला फ्रीजने बंद व्हायचं ती सेटिंग) 'हाय' ठेवा, वेगळ्या बॅटरीवर असेल तर 'लो'.

लिथियमच्या दोन खोडी आहेत. बॉनेटखाली तिला ठेवायचं नाही, उष्णता सोसत नाही. आणि 0 अंशाखाली ती चार्ज घेत नाही. ॲलिस स्प्रिंग्जच्या आसपास जुलैत पहाटे पारा शून्याखाली जाऊ शकतो. मग सकाळी पॅनल जोडलं तरी चार्जिंग शून्यच दिसतं. बॅटरी मेलेली नाही, आतलं संरक्षण सर्किट तिला वाचवतंय. ऊन चढेपर्यंत थांबा. त्या थंडीतही तिच्यातून वीज घेता येते, म्हणून फ्रीज चालू राहतो.

फ्रीज भरण्याचंही तंत्र आहे. निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर रिकामा गार करून घ्या, आत सामान गारच ठेवा आणि बाहेरून, गरम हवा सोडणाऱ्या जाळीच्या बाजूला चार बोटं मोकळी सोडा. कॉरुगेशनवर, म्हणजे पन्हळी पत्र्यासारख्या खडबडीत रस्त्यावर, ॲल्युमिनियमचे कॅन एकमेकांवर घासून त्यांना भोकं पडतात. प्रत्येकाला जुना मोजा घाला. लोणच्याची काचेची बरणी घरी राहू दे, प्लास्टिकची घ्या. फ्रीज हँडलला बांधू नका, हँडल तडकतं. चार पट्टे थेट फरशीच्या कड्यांना बांधा आणि रोज संध्याकाळी ओढून बघा.

टायरच्या हवेचे आकडे भरलेल्या गाडीचे, थंड टायरचे: डांबरावर 38 पीएसआय, खडीवर 28, वाळूवर 18, रुतायला लागली तर 15. हवा कमी केली की वेगही कमी करायचा. खडीवर ताशी 80 किमीच्या आत, वाळूवर 40 च्या आत. इथेच लोक चुकतात. कमी हवेत वेग ठेवला की टायरची बाजूची भिंत सतत दुमडून तापते आणि फाटते, आणि ती फाटली की पंक्चर बुजवायचा प्लगचा किट उपयोगाचा नाही. गिबच्या 660 किलोमीटरसाठी दोन स्पेअर टायर न्या. तासभर चालवल्यावर हवा थंड आकड्यापेक्षा 4 पीएसआयपेक्षा फार जास्त वाढली असेल तर ती मुळात कमी भरलेली होती, किंवा वजन-वेग जास्त होता. शार्क बेच्या फ्रांस्वा पेरॉन नॅशनल पार्कात हवा भरायची सोय आहे, बाकी ठिकाणी आपला कंप्रेसर. तो 30 अँपिअरच्या वर ओढतो, म्हणून थेट बॅटरीला चिमटे लावा. सॉकेटला लावलात तर फ्यूज उडणार.

फुफाटा कुठेही शिरतो. काचा बंद, पंखा बाहेरच्या हवेवर, म्हणजे आत दाब राहतो आणि धूळ बाहेर थांबते. पंखा आतल्या हवेवर फिरवला की उलट होतं. एअर फिल्टर दर दोन-तीन दिवसांनी झटका. छतावरच्या रॅकचे बोल्ट रोज तपासा.

स्वॅगबद्दल चांगलंच सांगायचंय. निघण्याआधी अंगणात दोनदा पाण्याने भिजवून पूर्ण वाळवा. शिवणीचा दोरा फुगून सुईची भोकं बुजतात. हे न करणारेच 'पहिल्याच पावसात गळला' म्हणतात. उणी बाजू किनाऱ्यावर कळते. रात्रभराच्या श्वासाने गादीखाली ओल धरते आणि तसाच गुंडाळला की तिसऱ्या दिवशी बुरशी. उशिरा निघा, पण वाळवून निघा. चेनमध्ये मीठ साचून ती अडते, तेव्हा जोर लावू नका. गोड्या पाण्याने धुऊन मेण चोळा. अँडरसन प्लगचे हिरवे पडलेले संपर्कही तिथेच घासून घ्या.

सोबत येणाऱ्या खुंट्या मात्र टाकाऊ. आउटबॅकच्या कडक लाल जमिनीत त्या वाकतात. तिथे 10 मिमी जाड, 150 मिमी लांब कोच स्क्रू (षटकोनी डोक्याचे जाड स्क्रू), वॉशर आणि ते फिरवायला इम्पॅक्ट ड्रायव्हर, दहा सेकंदांत काम. निंगालूच्या वाळूत हेच स्क्रू लोण्यासारखे निघतात; तिथे पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून, हातभर खोल पुरा.

पाणी माणशी दिवसाला 5 लिटर, शिवाय 20 लिटर वेगळं. निंगालूला लागूनच्या केप रेंज नॅशनल पार्कात पिण्याचं पाणी बरोबरच न्यावं लागतं. उत्तरेत, मगरींच्या टापूत, तंबू पाण्यापासून 50 मीटर तरी लांब, आणि भांडी काठावर घासायची नाहीत.

स्वयंपाकाला तीन लिटरचा कुकर सर्वांत कामाचा. नलारबोरच्या वाऱ्यात उघडं भांडं गॅस खातं. पूर्वेकडून वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिरताना बॉर्डर व्हिलेजला ताजी फळं, भाज्या आणि मध काढून घेतात. त्यामुळे नलारबोरच्या अलीकडच्या सेडुना गावापासून कांदा-मिरची संपवत या, आणि शेवटच्या दोन जेवणांना मेतकूट-भात राखून ठेवा.