पाणंद, पंढरपूर आणि दोन गाड्या

नवी गाडी घ्यायचीय: स्कॉर्पिओ-एन की ग्रँड विटारा? आठवडाभर सोलापुरात सात रस्ता ते होटगी रोड, एकादशीला पंढरपूर, पावसाळ्यात चार-सहा वेळा शेत. आमच्या घराचं गणित एवढंच.

स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, फक्त डिझेलमध्ये. शिडीसारखी मजबूत चासी, लो-रेंज गिअर (वेग कमी, ओढ जास्त). वाफसा नसताना, म्हणजे माती अजून चिखल असताना, उसाच्या पाणंदीतून (शेतवाटेतून) तीच बाहेर काढेल. टायर मात्र चांगले हवेत. काळी माती नक्षीत भरली की चारही चाकं जागेवरच फिरतात, मग गाडी कुठलीही असो! आई-अण्णांना चढायला ती उंच पडते, हेही खरं.

ग्रँड विटारा ऑलग्रिप पेट्रोलवर, पाच जणांची, शहरात सुटसुटीत. हिच्याही चारही चाकांना ताकद मिळते, पण लो-रेंज नाही. थोड्या ओल्या कच्च्या रस्त्याला पुरे.

सात माणसं असती तर प्रश्नच नव्हता, सात जणांची स्कॉर्पिओच घेतली असती. आम्ही पाच. माझं मन स्कॉर्पिओकडे, बायकोचं विटाराकडे.