शिष्यवृत्तीचं ‘नामांकन’ आणि आमचे १,९५,२९९ रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, नंतर लपवावासा वाटेल. मुलाला परदेशी विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणणाऱ्या एका कन्सल्टन्सीकडे चार हप्त्यांत गेले. ऑगस्टमध्ये नोंदणीचे ४,९९९. सप्टेंबरात ‘प्रोफाइल बिल्डिंग’चे २०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,६००. ९ डिसेंबरला ‘नामांकन स्लॉट’चे ६५,००० अधिक जीएसटी, ७६,७००. जानेवारीत ‘परत मिळणारी अनामत’ ९०,०००. परत मिळणारी म्हणे! बेरीज करून बघा, रुपयाचाही फरक नाही. यूपीआयची दिवसाची मर्यादा साधारण एक लाख असते आणि प्रत्येक हप्ता बरोबर तिच्या आत बसवलेला. हे योगायोगाने होत नाही.

आम्ही अडाणी नाही. घरात दोघेही नोकरी करतो, केवायसीची खोटी लिंक आली तर ओळखतो. पण परदेशी विद्यापीठाचा अर्ज म्हटला की आपल्याकडची शहाणी माणसंही मान खाली घालून सही करतात. या लोकांचा धंदा त्यावरच चालतो.

मुलाला हवी होती टोरोंटो विद्यापीठाची लेस्टर बी. पिअर्सन शिष्यवृत्ती. कॅनडाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी पदवीची चार वर्षं शिकवणी फी, पुस्तकं, इतर शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च तिच्यात येतो. जगभरातून वर्षाला साधारण ३७ जणांना मिळते. मागे लागणारे किती असतील ते तुम्हीच समजा.

तिचा रस्ता असा. विद्यार्थी जिथे शिकतो ती शाळा किंवा कॉलेज त्याचं नामांकन करतं. एका शाळेला एकच नाव देता येतं. नामांकनाची मुदत ऑक्टोबरात संपते. विद्यार्थ्याने प्रवेशाचा अर्ज त्याच सुमाराला वेगळा करायचा, त्याची फी असते आणि ती अधिकृत अर्जप्रणालीतच भरायची. नामांकन झालं की शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, तोही नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतो. नामांकनाला फी नाही, म्हणजे शून्य रुपये. बारावीच्या वर्षात नाव द्यावं लागतं किंवा फार तर प्रवेशाच्या आदल्या वर्षी जूनमध्ये किंवा त्यानंतर उत्तीर्ण झालेलं असावं लागतं. हे सगळं विद्यापीठाच्या पानावर साध्या इंग्रजीत लिहिलेलं आहे. मी ते वाचलं मार्चमध्ये.

आता पुन्हा वरची तारीख बघा. ९ डिसेंबर. मुदत संपून दोन महिने होत आले होते आणि आम्ही नामांकनाचे पैसे भरले. ही एक तारीख पडताळली असती तरी १,६६,७०० रुपये वाचले असते. याहून लाज वाटण्यासारखी गोष्ट पुढे आहे. मुलगा म्हणाला, “बाबा, प्राचार्यांना तर कुणी काही विचारलंच नाही.” मी कन्सल्टन्सीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, तुमच्या कॉलेजचा कोटा नाही, आम्ही हैदराबादच्या आमच्या पार्टनर शाळेतून करतो.” ज्या शाळेत पोरगा एक दिवस बसला नाही, ती शाळा त्याची शिफारस कशी करणार? तिथेच उठायला हवं होतं. मी उलट विचारलं, “पावती मिळेल ना?”

पावती मिळाली. तिच्यावरचा जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, ०७ म्हणजे दिल्ली. क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कुणाचा आहे ते फुकट दिसतं. आम्ही नंतर टाकला तेव्हा हार्डवेअरचं दुकान निघालं. आणि पैसे गेले होते एका माणसाच्या साध्या बचत खात्यात. कंपनीच्या नावाने पावती आणि माणसाच्या नावाने खातं, असं दिसलं तर तिथेच थांबा.

फेब्रुवारीत ‘प्रोव्हिजनल अवॉर्ड लेटर’ आलं. शिक्का होता, सही होती, मेलचा शेवट मात्र डॉट ओआरजी. विद्यापीठाचा पत्ता यूटोरोंटो डॉट सीए असा संपतो. शंका आली तर त्या पत्रातल्या नंबरवर फोन करू नका, तो नंबर त्यांचाच असतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून पत्ता काढून मेल करा. दोन दिवसांत उत्तर आलं : या नावाचं नामांकन आमच्याकडे नाही. ‘प्रोफाइल बिल्डिंग’मध्ये ज्या ‘इतर दहा शिष्यवृत्त्यांचे अर्ज’ होते, त्यातल्या काहींना मुळात अर्जच नसतो. प्रवेशाच्या अर्जावरूनच विद्यापीठ तुमचा विचार करतं.

बनावट पत्रं कॅनडाच्या बाबतीत नवीन नाहीत. २०२३ मध्ये पंजाबच्या विद्यार्थ्यांचं प्रकरण गाजलं, आणि १ डिसेंबर २०२३ पासून तिथलं सरकार प्रत्येक प्रवेशपत्र संस्थेकडून थेट पडताळतं. म्हणजे नुसतं हे पत्र घेऊन व्हिसाला गेलो असतो तर तिथे अडकलो असतो. नशीब, इतकंच.

मग तक्रार. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लागला, त्यांनी विचारलं कधीचे व्यवहार, आणि ‘जुने आहेत’ म्हणून गोठवायला काही उरलं नव्हतं. फसवणूक कळली त्याच तासाला हा नंबर लावा, दुसऱ्या दिवशी पैसे तीन खाती पुढे गेलेले असतात. सायबरवाल्यांनी विचारलं, “ऑफिसात बसून दिलेत ना? मग सायबर कसं?” पोलीस ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी वाद आहे. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, एफआयआर आणा. एफआयआरसाठी ठाण्यात गेलो तर म्हणाले, आधी बँकेचं पत्र आणा! पाच फेऱ्या, दोन अर्ध्या रजा. एका हवालदाराने तर विचारलं, “इतका हुशार आहे तर इथे का नाही शिकत?” हा प्रश्न कोणत्या कलमात बसतो?

भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), म्हणजे जुनं ४२०, असा स्पष्ट उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही. नोंदवून घेतला नाही तर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, स्पीड पोस्टनेच. आमचा अर्ज असाच नोंदला गेला, सातव्या आठवड्यात. ग्राहक आयोगही आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. पावत्या, चॅट, मेलचे मूळ हेडर (मेल कुठून आला याची तांत्रिक नोंद) जपून ठेवा, फोन फॉरमॅट करू नका. आम्ही चॅटचा अर्धा भाग रागाने उडवला होता. तोच भाग आता वकील मागतोय.

एप्रिलमध्ये प्राचार्यांकडे गेलो, बोनाफाईड हवं होतं म्हणून. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ऑगस्टमध्ये सांगितलं असतं तर फॉर्म मीच भरला असता. त्या वर्षी कॉलेजकडून कुणाचंच नाव गेलं नव्हतं. कुणी मागितलंच नव्हतं.