8 लाखांची उचल गेली, टोळी आलीच नाही. नवीन वाहनमालकांनी टोळी करायच्या आधी हे वाचा

मी सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातला. घरचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, दरवर्षी कारखान्याशी ऊस तोडणी-वाहतुकीचा करार करतो. उन्हाळा आला की मुकादमांचे फोन सुरू होतात आणि आमच्याकडची नवीन पोरं पैसे खिशात घालून बीड, पाथर्डी, जतकडं पळतात. त्यांच्यासाठी लिहितोय. माझं प्रकरण 2023 चं आहे, अजून मिटलं नाही.

ज्यांचा ऊसधंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दहा कोयते असले की एका ट्रॅक्टरची टोळी होते, आणि टोळी आणणारा तो मुकादम. हंगामाच्या आधी उचल म्हणजे आगाऊ पैसे द्यायचे, तोडणीच्या पैशातनं ते फेडून घ्यायचे. कारखाना जी रक्कम देतो ती वाहनमालकाच्या नावावर बँकेचं कर्ज असतं, मजुराच्या नाही की मुकादमाच्या नाही. टोळी पळाली तर कर्ज आपल्या डोक्यावर राहतं, हे करारावर सही करताना कोणी समजावून सांगत नाही.

माझा मुकादम बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातला, पन्नाशीचा, गळ्यात माळ. मे महिन्यात बायकोला आणि धाकट्या पोराला घेऊनच घरी आला. आईनं जेवायला वाढलं. कोयत्याला 80 हजार, दहा कोयत्यांचे 8 लाख ठरले. 5 लाख कारखान्याकडनं बँकेतनं आले, बाकी 3 लाखांसाठी बायकोचं सोनं गहाण ठेवलं, 1 लाख 80 हजार मिळाले, राहिलेले मेव्हण्याकडनं. स्टॅम्पवर करार, नोटरी, दहा जोड्यांची आधार कार्डं, सगळं झालं. जुलैत पोराला दवाखान्यात ठेवलंय म्हणून रडत फोन आला, मी रात्रीत पैसे दिले. ऑगस्टमध्ये आणखी दिले. निम्म्याच्या वर रक्कम रोख दिली आणि ती सगळी एकट्या मुकादमाच्या हातात, ही माझी पहिली चूक. दहातल्या एकाही कोयत्याला मी त्याच्या दारात जाऊन भेटलो नव्हतो, ही दुसरी, आणि माझ्या मते हीच मोठी.

त्या वर्षी ऑगस्ट कसा गेला ते आठवतच असेल, 1901 पासूनच्या नोंदीत एवढा कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यात धारूर, वडवणी, अंबाजोगाई होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी भाड्याचा ट्रक घेऊन टोळी आणायला निघालो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूला सोयाबीन गुडघ्याएवढंसुद्धा नव्हतं, कापूस उभा वाळलेला. ते बघत बघत गेलो आणि मुकादमाच्या दाराला कुलूप. शेजारचा म्हातारा म्हणाला, ते तर परवाच गेले की कर्नाटकात, दुसऱ्या मालकानं कोयत्याला 20 हजार वाढवून दिले.

मग यादी घेऊन दिवसभर फिरलो. दहातले चार कोयते त्याच्याबरोबर गेलेले. तिघांनी आधीच दुसऱ्या मालकाची उचल घेतलेली. दोन जोड्या पुण्यात कंपनीत कामाला, त्यांना आपलं आधार कार्ड असं फिरतंय हेच माहिती नाही. आणि दहावी जोडी ओट्यावर बोचकं बांधून बसलेली. बाई मला म्हणाली, "मालक, गाडी मागं ऱ्हायली का? आम्ही सकाळपासून बसलाव." त्यांना मुकादमानं 25 हजार दिले होते. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढं 80 हजार आणि त्यांचा अंगठा. अंगठा त्यांचा नव्हताच.

तेवढी जोडी घेऊन परत आलो. रिकाम्या ट्रकात ती दोघं, त्यांची भांडी आणि एक शेळी.

नोव्हेंबरात कसाबसा मुकादमाचा फोन लागला. शिव्या द्यायला फोन केला होता, देता आल्या नाहीत. तो म्हणाला, "मालक, पोटाला चिमटा बसला की माणूस खोटं बोलतं. मागच्या मालकाची बाकी होती, तो पोराला उचलून नेतो म्हणत होता. तुमचे पैसे त्याला दिले. पाप लागलं तर मला लागू द्या." मी चौकशी केली, हे खरं निघालं. माझ्या 8 लाखांतले साडेतीन लाख आधीच्या मालकाला गेले होते.

इथं मला थांबून लिहायचंय, कारण आमच्यात दोनच प्रकारची माणसं बोलतात, एक म्हणतो ही जातच चोर, दुसरा म्हणतो गरिबाला काय बोलायचं. मला दोन्ही पटत नाही. हिशोब करून बघा. तेव्हा टनाला साधारण 274 रुपये तोडणी होती, 2024 च्या जानेवारीत 34 टक्के वाढ झाली तेव्हा 367 च्या आसपास गेली. एक कोयता पहाटेपासून राबून दिवसाला दीड, फार तर दोन टन तोडतो. जुन्या दरानं दोन टनाचे 548 रुपये, तेही दोन माणसांचे. 120 दिवस एकही सुट्टी न घेता तोडला तरी 65 हजार होतात. म्हणजे त्या दरानं 80 हजारांची उचल एका हंगामात फिटणारच नव्हती, थोडी अंगावर राहणार आणि पुढच्या वर्षी परत तीच दोरी गळ्यात. हे मी आकडे लिहून कधी बघितलंच नव्हतं, पैसे बुडाल्यावर बघितलं. बीडच्या कित्येक ऊसतोड बायका हंगामात खाडे नकोत म्हणून गर्भपिशव्या काढून घेतात, त्यावर 2019 ला सरकारला समिती नेमावी लागली. त्यामुळं या लोकांना हाल नाहीत असं जो म्हणतो त्यानं एकदा उसाच्या फडात जाऊन कोप्यांत, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांत, रात्र काढावी.

आणि आम्ही तरी कुठले बागायतदार. ताकारी-टेंभू योजनांचं पाणी यायच्या आधी आमच्या तालुक्यात कुसळंच होती. 1972 च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची, सुकडी खाऊन पोरं जगवली. तिनं मला एकदा सांगितलं होतं की त्या वर्षी रात्री दुसऱ्याच्या विहिरीवरच्या रानातली ज्वारीची कणसं तिनं ओच्यात मोडून आणली होती, तीनदा. आजोबांनासुद्धा बोलली नाही. दोन वर्षांनी पिकलं तेव्हा पायलीभर ज्वारी घेऊन त्या घरी गेली आणि सांगितलं. त्या म्हातारीनं ज्वारी घेतली नाही, चहा दिला. आजीला मी चोर म्हणू शकत नाही. पण मग मुकादमाला का म्हणतो, हे मी खूप रात्री डोक्यात घोळवलंय. मला सापडलं ते असं, की आजीनं कणसं आणली ती पोरांच्या पोटात गेली, आणि देणं तिच्या डोक्यात राहिलं. मुकादमानं त्याच्याच गावच्या, त्याच्याहून गरीब जोडीचे 55 हजार तिच्या अंगठ्याखाली लपवले. ती बाईसुद्धा त्याच दुष्काळात होती की. ती ओट्यावर बसून राहिली.

मार्चमध्ये माझी स्वतःची वेळ आली. ट्रॅक्टरचा सहामाही हप्ता थकलेला, बँकेची नोटीस, सोन्याची मुदत संपत आलेली. आमच्यातलाच एक जण म्हणाला, अरे तीच आधार कार्डं घेऊन दुसऱ्या कारखान्याशी करार कर, 5 लाख उचल, हप्ता भर, टोळी पळाली म्हणून सांग, कोण बघतंय. मी गेलो. नोटरीसमोर बसलो, पेन हातात घेतलं होतं. वर पहिलंच नाव त्या जोडीचं होतं, जी त्या वेळी दुसऱ्याच्या टोळीत मोळ्या बांधत होती. उठून आलो. ट्रॉली विकून हप्ता भरला. मी लई सज्जन आहे म्हणून हे सांगत नाही, मलाही पोरं आहेत, नडलेलं असताना खोटं किती सोपं वाटतं हे मला त्या दिवशी कळलं आणि मुकादमाच्या फोनमधलं वाक्य खोटं नव्हतं हेही कळलं. तरी त्यानं केलं ते माफ होत नाही.

आता टोळी करणाऱ्यांसाठी. मुकादमाच्या हातात सगळी रक्कम देऊ नका, प्रत्येक कोयत्याच्या खात्यावर टाका आणि बाईलाही विचारा किती मिळाले. घरी जाऊन भेटा, दोघांना समोर बसवून व्हिडिओ काढा. मागचा मालक कोण होता त्याला फोन करा, बाकी आहे का विचारा, बाकी असेल तर तुमचे पैसे तिकडंच जाणार हे धरून चाला. मोठी रक्कम गाडी भरायच्या दिवशी द्या. जामीनदाराचा सातबारा घ्या. कोरे चेक घेऊन निर्धास्त राहू नका, माझ्याकडं तीन आहेत, खात्यात काही नाही. तक्रार लगेच करा, मी समजुतीनं मिटेल म्हणून दीड महिना घालवला आणि ठाण्यात गेल्यावर हे दिवाणी आहे म्हणून दोनदा परत पाठवलं, पुरावे जमवून फसवणुकीचं 420 कलम लागायला डिसेंबर उजाडला. आणि कृपा करून, कोणाची पोरं-बाळं, बायका ओलीस धरून पैसे वसूल करायच्या नादाला लागू नका. उचलीपायी माणसाला डांबून ठेवणं हा 1976 च्या वेठबिगारी कायद्यानं गुन्हा आहे, आणि माझे पैसे बुडाले ते अशाच एका धमकीतनं.

मुकादमानं आत्तापर्यंत 40 हजार परत केलेत. दोनदा वीस-वीस, त्याच्या मेव्हण्याच्या खात्यावरनं. केस चालू आहे, मी मागं घेतलेली नाही.

ती जोडी त्या वर्षी एप्रिलपर्यंत दुसऱ्याच्या टोळीत राबली, 25 हजार फेडून वर थोडेफार पैसे घेऊन गेली. जाताना बाईनं विचारलं, "मालक, वहीत आमचं किती लिवलंय?" मी पान दाखवलं, 80 हजाराचा आकडा खोडून तिच्यासमोर 25 केला, खाली निरंक लिहिलं. तिला वाचता येत नाही, तिनं नवऱ्याला वाचायला लावलं, दोनदा.