नागपूर ते पुणे, एकट्यानं आणि सवडीनं: कोणता रस्ता धरावा?

पुण्यात नवी नोकरी लागली, जुन्या ठिकाणाहून मोकळे झालात आणि रुजू व्हायला अजून चार-पाच दिवस आहेत. गाडी तर न्यायचीच आहे. अशा वेळी नागपुरात ज्याला विचाराल तो एकच सांगतो: समृद्धी धर, रात्रीच्या जेवणाला पुण्यात. घाई असेल तर त्याचं बरोबर आहे. पण हाताशी दिवस असतील आणि गाडीत तुम्ही एकटेच असाल, तर मी समृद्धीला पहिला नंबर देणार नाही.

आधी समृद्धीचंच बघू. हिंगण्याकडच्या शिवमडक्याला चढायचं, जालना किंवा छत्रपती संभाजीनगरला उतरायचं आणि अहिल्यानगरमार्गे पुणे गाठायचं. डिसेंबर 2022 मध्ये शिर्डीपर्यंत आणि जून 2025 मध्ये थेट भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला झालेला हा 701 किलोमीटरचा रस्ता बांधणीला उत्तम आहे. कारला 120 ची मर्यादा, मध्ये चौक नाही, गाव नाही, सिग्नल नाही. दोघं-तिघं असले की गप्पांत तो सरतो. एकट्याला मात्र जेवणानंतर हाच सरळपणा जड जातो. डोळे उघडे असतात, पण मन रस्त्यावर नसतं. त्यात मे महिन्यातलं विदर्भाचं ऊन, तापलेलं काँक्रीट आणि सामानानं दबलेली गाडी. निघण्याआधी टायर तपासाच. बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी हवेचा वेगळा आकडा असतो, तो बघून हवा भरा. दुचाकीला इथे बंदी आहे, म्हणजे बाइकवाल्यांनी पुढच्या दोन वाटांतूनच निवडायचं.

समृद्धीची एक सोय मात्र सवडीच्या माणसालाही उपयोगी आहे. टोल जेवढं अंतर कापलं तेवढाच, उतरताना कापला जातो. त्यामुळे तुकड्यातुकड्यानं जाता येतं. मेहकरला उतरलात तर लोणार जवळच. सपाट माळावरून चालता चालता एकदम पायाखाली पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर उघडतं. उल्केनं थेट बेसॉल्टमध्ये पाडलेलं, तळाशी खारं पाणी आणि काठाला झाडीत दडलेली जुनी देवळं. एक रात्र इथे राहा, सकाळी खाली उतरा, गावातलं दैत्यसूदन मंदिर बघा आणि सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी थांबून जालन्याकडे निघा. दोनच दिवस असतील तर मी हेच सुचवीन.

दुसरी वाट जुनी, आपल्या वाडवडिलांची: अमरावती, अकोला, खामगाव, चिखली, देऊळगाव राजा, जालना. अकोल्यापर्यंत रस्ता आता झकास आहे. अमरावती-अकोला पट्ट्यात 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबरी थर सलग टाकून गिनीज विक्रम झाला होता, तो हाच. खामगावनंतर हमरस्ता सुटतो आणि वेग पडतो. गतिरोधक, ट्रॅक्टर, कापसाच्या गाड्या. पण एकट्यासाठी या वाटेचं मोल मोठं आहे: दर थोड्या अंतरावर गाव, चहा आणि पंक्चरवाला. हंगाम असेल तर कोंढाळीच्या बाजूला संत्री घ्या, पुण्यातल्या नव्या शेजाऱ्यांना द्यायला याहून चांगलं काही नाही. मुक्काम शेगावला करावा. फक्त तीर्थक्षेत्री एकट्या माणसाला खोली द्यायला काही ठिकाणी का-कू करतात, तेव्हा आधी विचारून ठेवा. एकटी निघालेली मुलगी विचारत असेल, तर मी याच वाटेकडे बोट दाखवीन.

तिसरी वाट फारसं कुणी सुचवत नाही, आणि माझं मन तिच्यावरच आहे. बुटीबोरी, वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर आणि मग पुणे. शे-दीडशे किलोमीटर जास्त पडतात. तीन दिवस हवेतच, चार असले तर उत्तम.

पहिल्या दिवशी फार दूर जाऊच नका. वाटेत पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम, मग सेवाग्राम. गांधीजी 1936 मध्ये इथे राहायला आले. बापूकुटीच्या मातीच्या भिंती, वर कवेलू, बसायला चटई. साप पकडून दूर नेऊन सोडण्यासाठीचा लाकडी चिमटासुद्धा तिथे जपून ठेवला आहे. बाहेर उभ्या गाडीत आपण अख्खं घर कोंबलेलं असतं आणि इथे एवढ्या थोडक्या वस्तूंत एक माणूस देशाचा कारभार हलवत होता. नव्या गावी घर मांडायला निघालेल्यानं ही खोली जरूर बघावी.

उमरखेड सोडलं की पैनगंगा ओलांडायची. इथे विदर्भ संपतो, मराठवाडा लागतो, बोलण्याचा हेल बदलतो. मुक्काम नांदेडला. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये इथेच देह ठेवला. सचखंड गुरुद्वारात लंगरच्या पंगतीत बसा. एकट्यानं जेवताना हॉटेलात जे अवघडलेपण येतं, ते इथे नावालाही नसतं. शेजारचा माणूस कोण, कुठला, कुणी विचारत नाही, पोळी मात्र आग्रहानं वाढतात.

पुढे तुळजापूरला दर्शन घेऊन सोलापूर. हिवाळा असेल तर शेवटच्या सकाळी भिगवणजवळ डिकसळ किंवा कुंभारगावला वळा. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरलेले असतात आणि नावाडी जवळून दाखवून आणतात. तिथून पुणे दोन-अडीच तासांवर. पावसाळ्यात मात्र या वाटेवर जपून. काळी माती भिजली की कडेला उतरवलेली भरली गाडी रुततेच, म्हणून थांबायचं ते पक्क्या जागेवर.

सामानाचं म्हणाल तर मोठं सगळं टेम्पोनं आधी पाठवा. मागच्या काचेला गादी टेकली की आरशात काही दिसत नाही, आणि मुक्कामी रात्रभर गाडीचीच काळजी. आवाराला फाटक असलेलंच लॉज बघा. गुणपत्रिका, रिलीव्हिंग लेटर, लॅपटॉप डिकीत नाही, पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा. एमएच 31 ची पाटी पुण्यात तशीच चालते, फक्त नवा पत्ता आरसीवर बदलण्यासाठी 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.