तीन महिने जपून ठेवलेला चेक

मी जळगावात घरीच पाळणाघर चालवते. चार-पाच लेकरं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. सगळं ओळखीतून आलेलं, त्यामुळे तोंड उघडून पैसे मागायला जीभ जड होते. त्याचाच फायदा घेतला गेला.

दीड वर्षाची पोरगी माझ्याकडे होती. आई एका फायनान्स कंपनीत, वडिलांची फिरतीची नोकरी. महिन्याला 3,500 ठरलेले, बंद करायचं तर महिनाभर आधी सांगायचं हेही ठरलेलं. अर्थात तोंडी. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी पोरीच्या आई, मॅडम, म्हणाल्या, "काकू, आमची नाशिकला बदली झाली, तीस तारखेपर्यंतच येईल ती."

हिशेब मांडला. मार्चचे राहिलेले निम्मे 1,750, एप्रिलचे 3,500, न सांगितलेल्या महिन्याचे 3,500 आणि रात्री आठ-आठला न्यायला यायच्या त्याचे 600. झाले 9,350. घासाघीस करून त्यांनी 9,000 वर आणले आणि चेक दिला, 5 मे तारखेचा. सासूबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. मॅडम गेल्यावर त्या म्हणाल्या, "पयले पैसा हातमा ले, मंग पोर दे, आसं तुले कितीदा सांगू?" मी म्हटलं, अहो, चेक आहे ना.

पाच तारखेला सकाळीच फोन. "काकू, आज टाकू नका, पगार लांबलाय." जूनमध्ये मोठ्या मुलाची शाळेची फी निघाली. जुलैत जे सांगितलं ते मला अगदी पटलं: "खात्यात पैसे नाहीत काकू, चेक परत आला तर तुमच्या खात्यातूनही बँक चार्ज कापेल. उगीच तुम्हाला भुर्दंड कशाला?" माझी काळजी करणारी बाई! मी उलट आभार मानले. शेवटचा वायदा कानबाईचा, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणाचा. "कानबाईला घरी येणारच आहोत, रोख आणून देते." आमच्याकडे नैवेद्याच्या रोटांची गडबड, मी वाट बघत राहिले. कानबाईचं विसर्जन झालं, कोणी आलं नाही. दोन दिवसांनी फोन लागेना, व्हॉट्सॲपवरचा त्यांचा फोटोही गायब.

मग बँकेत गेले. खिडकीवरच्या मुलाने चेक उलटसुलट केला. "काकू, याची मुदत संपली. तीन महिनेच चालतो."

मी भांडले त्याच्याशी. चेक सहा महिने चालतो हे मी माहेरापासून ऐकत आलेली. तर 1 एप्रिल 2012 पासूनच रिझर्व्ह बँकेने ते तीन महिन्यांवर आणलंय, आणि ते चेकवरच्या तारखेपासून मोजतात. फायनान्समध्ये काम करणाऱ्या बाईला हे ठाऊक नसेल? मला तर ते सगळे फोन आता बोटावर मोजून केलेले वाटतात.

ओळखीच्या वकिलांनी सांगितलं ते ऐकून जास्त चीड आली. मुदतीत टाकला असता आणि पैसे नाहीत म्हणून परत आला असता, तर ते बरं झालं असतं! चेक परत आल्याचा बँकेचा कागद (मेमो) हातात आल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यायची, समोरच्याला 15 दिवस मिळतात, तरी पैसे नाही दिले तर पुढच्या महिनाभरात चेकच्या कायद्यातल्या कलम 138 खाली कोर्टात तक्रार. बँकेने कापलेले शे-दोनशे रुपये म्हणजे पुराव्याची किंमत होती. मुदत गेलेल्या चेकवर हे कलम लागत नाही. देणं बुडत नाही, तीन वर्षांत दिवाणी दावा लावता येतो, पण 9,000 साठी वकिलाची फी आणि तारखा कोण करणार?

एक मात्र केलं. "नऊ हजार नक्की देते काकू" हे त्यांचे मेसेज पुसले नाहीत, स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. आता फी एक तारखेला आगाऊ घेते, एका महिन्याची अनामत वेगळी. वहीत महिनाभर आधी सांगायचा नियम लिहून आईबापाची सही घेते. दोन जणींनी नाकं मुरडली, एकीने लेकरू दुसरीकडे टाकलं. टाकू दे.

पोरीची झाकणाची वाटी आणि पिवळा फ्रॉक अजून माझ्या कपाटात आहे. तिचं काही चुकलं नव्हतं, म्हणून फेकवत नाही.