फाइलकॉइनच्या मशीनच्या नावाखाली आमचे जवळपास चार लाख गेले, ऐरोली-महापेकडच्यांनी जरूर वाचा

जरा मोठं झालंय पण पूर्ण वाचा. मी ऐरोलीत राहतो, नोकरी रबाळे एमआयडीसीत. कॉम्प्युटरमधलं मला बऱ्यापैकी कळतं, आणि कळतं म्हणूनच मी अडकलो, कारण ते लोक जे सांगत होते त्यातलं बरंचसं खरं होतं.

२०२४ च्या दिवाळीनंतर ऑफिसमधल्या एकाने त्याच्या मेहुण्याशी गाठ घालून दिली. मेहुणा म्हणे फाइलकॉइनचं मायनिंग करतो. आता फाइलकॉइन हा प्रकार खोटा नाहीये. जगभरातले लोक आपल्याकडची हार्ड डिस्कची जागा नेटवर्कला देतात, दुसऱ्यांचा डेटा सांभाळतात आणि त्या बदल्यात एफआयएल नावाचं कॉइन मिळतं. प्रोटोकॉल लॅब्सने बनवलंय, ऑक्टोबर २०२० पासून चालू आहे. मी दोन रात्री जागून सगळं वाचून काढलं आणि मला वाटलं आपण नीट चौकशी केली. पण चौकशी केली ती नेटवर्कची, ज्याच्या हातात पैसे देणार होतो त्या माणसाची नाही.

शनिवारी त्यांनी आम्हाला महापेला नेलं. आपल्याकडे महापे-रबाळे-ऐरोली पट्ट्यात डेटा सेंटर किती आहेत ते सगळ्यांना माहितीये, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. मोबाईल बाहेर जमा करून घेतले, काचेपलीकडे रॅक, निळे लाइट, एसीचा गारवा. 'ही आपली मशीन' असं बोट दाखवून सांगितलं आणि आम्ही मान डोलावली. त्या रॅकचं भाडं कोण भरतं, कोणाच्या नावावर आहेत, एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

मग मेहुणा म्हणाला की एकट्याला हे जमत नाही, ब्लॉक मिळवायला, म्हणजे ज्यावर कॉइनचा रिवॉर्ड मिळतो ती संधी मिळायला, कमीत कमी १० टेबीबाइट पॉवर (नेटवर्कला दिलेली साठवणुकीची जागा) लागते, डेटा सील करायला, म्हणजे तो आपल्याकडे आहे हे सिद्ध करता येईल अशा रूपात साठवायला, भारी ग्राफिक्स कार्ड आणि भरपूर रॅम लागते, म्हणून आमच्या मशीनमध्ये हिस्सा घ्या. हा नियम खराच आहे, मी वाचलेला होता, म्हणून त्याच्यावरचा विश्वास अजून वाढला. एक लाख ऐंशी हजार दिले. त्यांच्या अ‍ॅपमध्ये रोज थोडं थोडं एफआयएल वाढताना दिसायचं. डिसेंबर आणि जानेवारीत ४,१०० रुपये दोनदा खात्यात आलेसुद्धा. यूपीआयने आले, दोन्ही वेळा वेगवेगळ्या माणसाच्या नावावरून. तेव्हाच थांबायला हवं होतं मी, कारण खरं मायनिंग असेल तर कॉइन तुमच्या क्रिप्टो ठेवायच्या डिजिटल वॉलेटमध्ये येतं, कुणाच्या तरी गुगल पेवरून रुपये कशाला येतील?

थांबलो तर नाहीच, उलट ताईला सांगितलं. ताई कळव्याला राहते, तिने मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेल्या एफडीतले दीड लाख काढून दिले. भावोजींना विचारू का म्हणाली तर मीच म्हटलं अगं मी बघतोय ना सगळं.

फेब्रुवारीपासून मागण्या सुरू झाल्या. आधी कोलॅटरलचे, म्हणजे तारणाचे ४० हजार. नेटवर्कमध्ये हे तारण (प्लेज) खरंच भरावं लागतं, ते एफआयएलमध्ये लॉक होतं आणि डेटा गहाळ झाला तर त्यातून दंड कापला जातो. म्हणून दिले. मार्चमध्ये पैसे काढायला गेलो तर म्हणे रिवॉर्ड १८० दिवस लॉक असतो. परत अर्धं खरं! २५ टक्के लगेच मोकळा होतो आणि उरलेला ७५ टक्के १८० दिवसांत रोज थोडा थोडा सुटत जातो. एकही पैसा निघणार नाही असं होत नाही. हे मी वाचूनही तेव्हा धरून बसलो नाही. मग एप्रिल २०२५ मध्ये नेटवर्कवर एफ३ चं अपडेट आलं, ही बातमी खरी होती, आणि मे महिन्यात यांचा मेसेज की एफ३ साठी मशीन अपग्रेड करायची, प्रत्येकी २५ हजार. एफ३ म्हणजे व्यवहार पक्का व्हायला आधी साडेसात तास लागायचे ते काही मिनिटांवर आणणारं सॉफ्टवेअर. त्यासाठी गुंतवणूकदाराने कसले पैसे द्यायचे? पण दिले मी.

जुलैमध्ये अ‍ॅपवर ताईचे आणि माझे मिळून पाच लाखांच्या वर दिसत होते. काढायला गेलो तर आधी ३० टक्के टॅक्स आमच्या खात्यात भरा म्हणाले. तिथे मात्र मी भानावर आलो. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स एप्रिल २०२२ पासून आहे, पण तो आपण स्वतः सरकारला भरतो, आणि १ टक्का टीडीएस कापला असेल तर तो आपल्या २६एएसमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सच्या साइटवरच्या आपल्या टॅक्सच्या उताऱ्यात दिसतो. माझ्या २६एएसमध्ये काहीच नव्हतं.

त्या रात्री मी जे केलं ते पहिल्या दिवशी करायला हवं होतं. त्यांनी एक मायनर आयडी, म्हणजे मायनिंग करणाऱ्याचा नेटवर्कवरचा नंबर, दिला होता, एफ शून्यने सुरू होणारा. नेटवर्कवरचे व्यवहार दाखवणाऱ्या फिलफॉक्स या वेबसाइटवर तो कुणीही टाकून बघू शकतं, फुकट आहे. मायनर खरा होता, चालू होता. त्याला एक ओनर अ‍ॅड्रेस असतो. तो म्हणजे मालकाच्या वॉलेटचा पत्ता, तिथून फक्त मालकच कॉइन पाठवू शकतो. मी म्हटलं त्या अ‍ॅड्रेसवरून माझ्या वॉलेटला ०.०१ एफआयएल पाठवा, चहाच्या पैशांइतकीसुद्धा रक्कम नाही ती. दोन दिवस 'टेक्निकल टीम बघतेय', मग मला ब्लॉकच केलं. मायनर दुसऱ्याच कुणाचा तरी होता.

माझे दोन लाख पंचेचाळीस हजार आणि ताईचे दीड लाख. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, पण ट्रान्सफर होऊन महिने झाले होते, लगेच कळवलं असतं तर खातं फ्रीझ व्हायची शक्यता तरी होती. वकील एमपीआयडी (ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा) कायद्याखाली काही होतंय का बघतायत. ताईने एका शब्दाने बोल लावला नाही, फक्त म्हणाली, 'भावोजींना तू सांग, माझ्याच्याने नाही होणार.' रविवारी कळव्याला जाऊन सांगितलं. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

ऐरोली-घणसोलीतले आम्ही सात जण आत्तापर्यंत एकत्र आलोय, सगळ्यांना तोच मायनर आयडी दाखवलेला होता. तुम्हालाही महापेला नेऊन काचेपलीकडची मशीन दाखवली असेल तर ते अ‍ॅप काढून टाकू नका, चॅट, यूपीआयच्या पावत्या आणि ज्या ज्या नावांवरून पैसे आले-गेले ती सगळी जपून ठेवा आणि आजच्या आज १९३० वर तक्रार करा.