रेडिओचं किट: पाचपैकी साडेतीन

खोक्यावर ‘वय वर्षे 8 पासून’ असं छापलंय, त्यावर जाऊ नका. माझी लेक अकराची आहे. तिच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आप्पांनी, सांगलीत चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले आणि मी मिरजेत श्रवणयंत्रं दुरुस्त करते. एवढी फौज असूनही हे किट वाजायला दोन रविवार आणि एक सोमवारची संध्याकाळ गेली.

ऑनलाइन मागवलं, 849 रुपयांना. सात ट्रान्झिस्टरचा मिडियम वेव्ह रेडिओ, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. बोर्ड, स्पीकर, गँग (स्टेशन बदलायचा भाग), कॉइल्या, प्लास्टिकची पेटी, सगळं सुटं येतं. सोल्डरिंग आयर्न (डाग द्यायचं तापतं हत्यार), सोल्डर (वितळून सांधा धरणारी तार) आणि सेल आपले आपण आणायचे. आयर्न 25 वॅटचं पुरतं, मोठं घेतलंत तर बोर्डावरची तांब्याची पट्टी उचलून येईल. माहितीपत्रक चिनी भाषेत. सर्किटचा नकाशा मात्र स्वच्छ आहे. आप्पांनी तो खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “465? आपल्याकडं 455 असतंय की.” (तुम्हाला यातलं काही कळलं नसेल तर सोडून द्या. रेडिओचं काही अडत नाही.)

घेतलं कशासाठी, तेही सांगते. आप्पांचं दुकान मारुती चौकाच्या अंगाला होतं. शाळा सुटली की मी तिथंच. बोर्नव्हिटाच्या डब्यांत रेझिस्टन्स (वीज अडवणारे, रंगीत पट्ट्यांचे बारके भाग) रंगांवरून निवडून टाकायचं काम माझ्याकडं. तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे शंभर के, एक लाख ओहम. मला रंग आधी आले, पाढे नंतर. सेट दुरुस्त झाला की काटा आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर, 1251 किलोहर्ट्झवर. तिथं हळदीचे-गुळाचे भाव स्वच्छ ऐकू आले की गिऱ्हाइकाला निरोप जायचा. आणि मधेच आप्पा पाठमोरेच विचारायचे, “खरखर कुठनं येतीय, सांग बघू.” बटण फिरवताना खरखरलं तर कंट्रोल घाण झालाय. पेटीवर टिचकी मारल्यावर खरखरलं तर कुठंतरी ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सांधा, आहे. मी चुकले तर ते काही बोलत नसत, पेटी माझ्याकडं सरकवून परत टिचकी मारायला लावत.

यातून आप्पांना मला काही मेकॅनिक करायचं नव्हतं हं. त्यांच्या डोक्यात बँक. पंख्याखालची नोकरी, एक तारखेला पगार, हाताला चटके नाहीत. फॉर्म तेच आणायचे, फोटोही तेच चिकटवायचे. दोनदा परीक्षा दिली, दोनदा नापास. दुसऱ्या वेळी निकाल बघून आल्यावर मी सरळ टेबलाशी बसून एक अर्धवट पडलेला टू-इन-वन उघडला. ते बघत राहिले आणि थोड्या वेळानं म्हणाले, “आयर्नची टिप साफ कर आधी.” त्यानंतर मिरजेला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, आणि पुढं ही कानाची यंत्रं. आजही यंत्र टेबलावर आलं की आधी ऐकते, मग उघडते.

2005 च्या पुरात दुकानात पाणी शिरलं तेव्हा आप्पांनी सेट शंभरच्या बल्बखाली वाळवून परत चालू केले होते. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. त्यानंतर त्यांनी काही वाळवलं नाही. दुकान बंद केलं.

तर लेकीलाही असं टेबल मिळावं म्हणून किट. पहिल्या रविवारी ती अर्ध्या तासात कंटाळली. रंग ओळखायला आवडले, सोल्डरचा वास आवडला नाही. (सोल्डरमध्ये बऱ्याचदा शिसं असतं, खिडकी उघडी ठेवा, मुलांचे हात साबणानं धुवून घ्या.) तपकिरी-काळा-पिवळा एक कमी निघाला, दुसरेच दोन जास्त. विकणाऱ्याला मेल केला, उत्तर नाही. गणपती पेठेत एका जुन्या दुकानात रुपयाला मिळाला, आणि दुकानदारानं आप्पांची चौकशी केली ती वेगळीच.

खरी गोम अँटेनाच्या कॉइलमध्ये आहे. तार केसासारखी बारीक आणि तिच्यावर इनॅमलचा लेप. लेप खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही, आणि जरा जोरात खरवडलं की तार तुटते. आमची दोनदा तुटली. पत्रकात याचं चित्रसुद्धा नाही. नवख्या माणसाचं किट इथंच माळ्यावर जात असणार. एक तारा मी इथं कापला.

सोमवारी संध्याकाळी सेल घातले. आवाज आला, पण स्टेशनावर एक बारीक शिट्टी चढलेली. लाल, पिवळी, पांढरी, काळी अशा चार बुटक्या कॉइल्या असतात, त्यांचे स्क्रू हळूहळू फिरवून सेट जुळवायचा असतो. हे काम आप्पांचं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर लावला, फिरवला आणि थांबले. शिट्टी त्यांना ऐकूच येत नव्हती. वय झालं की वरचे सूर आधी जातात. त्यांच्या कानांचा आलेख मीच काढलाय, 2000 हर्ट्झच्या पुढं रेघ उतारावर लागते. यंत्र लावा म्हटलं की “रेडिओपुरतं ऐकू येतंय मला” म्हणतात. मी पुढं सरकणार, तोवर त्यांनी मान वळवून नातीला हाक मारली. “ये गं इकडं. शिट्टी वाजतीय का?”

“वाजतीय.”

“आता?”

“जास्त झाली, आबा. उलटं फिरवा.”

पाऊण तास दोघं त्या पेटीवर वाकलेली. जेवायला हाका मारल्या, कुणी आलं नाही. शिट्टी गेली आणि एक कानडी बाई स्वच्छ बोलायला लागली. आप्पा म्हणाले, धारवाड, 765. लेकीला एक शब्द कळत नव्हता, तरी बातम्या संपेपर्यंत तिनं बटणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, मला रेडिओबिडिओ करायचा नाही, मी प्राण्यांची डॉक्टर होणार आहे. गेल्या महिन्यात फुटबॉल होता. मी बरं म्हटलं. मात्र शेजारच्यांच्या मिक्सरचा आवाज ऐकून “आत काहीतरी घासतंय” असं ती काल सांगून आली, आणि खरंच घासत होतं.

आवाज बरा, रात्री जास्त बरा. ट्यूबलाइट किंवा मोबाइलचा चार्जर जवळ असेल तर भणभण करतो. पेटीचं प्लास्टिक हलकं, सेलचं झाकण तीन दिवसांत सैल झालं, रबरबँड लावलाय. सर्किट मात्र खरं आहे, जुन्या सेटसारखंच, एका चिपमध्ये कोंबलेलं नाही. घरात सोल्डर मारता येणारं कुणी असेल तर जरूर घ्या. नसेल तर आधी 100-150 रुपयांचं साधं लुकलुकत्या दिव्यांचं किट घेऊन हात बसवा. वाढदिवसाला पाकीट बांधून द्यायची ही वस्तू नव्हे.

उरलेला अर्धा तारा स्टेशनच्या आकड्यांच्या पट्टीसाठी कापला. छापलेले आकडे आणि लागणारी स्टेशनं यांचा मेळ नाही. 765 लागतं ते छापील 700 च्याही अलीकडं. लेकीनं वर कागदाची चिठ्ठी चिकटवलीय, बाणासकट, ‘आबांचं धारवाड’. सेट सध्या आप्पांच्या खिडकीत असतो.